तो मान, ती मान

उन्हातून आलेल्या माणसाला पंखा दिसला की तो बटण दाबतो. यात माझं काय चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही.

ऑक्टोबरचं ऊन, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. मी घरमालकांच्या खोलीत शिरलो तेव्हा ते आत मोरीत काहीतरी खसाखसा घासत होते. टेबलावर टेबलफॅन होता. मी एक नाही, दोन नाही, थेट तीन नंबरचं बटण दाबलं. त्या पंख्याला पाती नव्हती. पात्यांच्या जागी, उंची मापायची म्हणून, घरमालकांनी आपला मोबाइल सुतळीने बांधून ठेवला होता आणि त्यावर व्हिडिओ कॉल चालू होता.

"काका! काका! माका गरगरता हा!" असा एक आवाज खोलीत गोल गोल फिरला. मग सुतळी तुटली आणि तो आवाज गादीवर जाऊन पडला.

घरमालक ओल्या हातांनी बाहेर आले. त्यांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग पंख्याकडे, आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे.

"भाडेकरू," ते म्हणाले, "माझ्या पुतण्याला तू गावात बसल्या जागी जत्रेच्या पाळण्यात फिरवून आणलंस."

मला 'भाडेकरू' अशी हाक मारणारा हा जगातला एकमेव माणूस. आमची भांडुपची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आम्ही दोन गल्ल्या सोडून त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. तळमजल्यावर शेजारीशेजारी दोन जागा त्यांच्या. एकीत ते, एकीत आम्ही. पन्नाशीला आलेला माणूस स्वतःचं घर असताना भाड्याने राहायला जातो तेव्हा आधीच जरा पडेल चेहऱ्याने जातो. त्यात पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाले, "नाही. एवढं लांब लक्षात राहणार नाही. भाडेकरू म्हणतो." नवीन बिल्डिंग उभी राहून आम्ही परत जाईपर्यंत मी भाडेकरूच राहिलो. बायकोला मात्र ते 'गो बाय' म्हणायचे. म्हणजे ती त्या घरची लेक आणि मी तिच्याकडे भाड्याने राहणारा कोणीतरी.

त्यांचं प्रत्येक वाक्य 'नाही'ने सुरू व्हायचं.

"काका, चहा घेणार?"

"नाही. साखर कमी टाक."

"आज गरम होतंय ना?"

"नाही. दमट आहे."

एकदा मी मुद्दाम म्हटलं, "काका, तुमचं बरोबर आहे." तर म्हणाले, "नाही. तुला काय कळतंय त्यातलं?"

सारं आयुष्य एका कारखान्यात मेंटेनन्सला काढलेला माणूस. कारखाना बंद पडला, मेंटेनन्स चालूच राहिला. दाराच्या बेलच्या जागी रिक्षाचा भोंगा होता. कपडे वाळत घालायची दोरी सायकलच्या चेनवर फिरायची. खाली पायडल मारलं की कपडे आपोआप उन्हात सरकायचे. माझा लेंगा त्या चेनमध्ये दोनदा अडकला. दोन्ही वेळा त्यांनी आधी चेन तपासली. घर देताना अट एकच: काही बिघडलं तर मला सांगायचं, बाहेरचा मेकॅनिक घरात घ्यायचा नाही. बायकोने एकदा ते डायलिसिसला गेलेले बघून मिक्सर गुपचूप दुरुस्त करून आणला. संध्याकाळी त्यांनी मिक्सर नुसता हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "गो बाय, ह्याला परका स्क्रूड्रायव्हर लागलाय." तिला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालेलं मी आमच्या संसारात कधी पाहिलं नाही.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, मुलुंडला. त्यांची बायको वारलेली, मूलबाळ नाही. मूत्रपिंडांबद्दल कोणी हळहळलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "तीन दिवस मशीन मला चालवतं, उरलेले दिवस मी मशीनला चालवतो." आणि या डायलिसिसमुळेच तो पंखा टेबलावर आला होता.

मराठीत 'तो मान' वेगळा आणि 'ती मान' वेगळी, हे मी शाळेत शिकलो होतो. नीट कळलं ते भांडुपला.

त्यांचं गाव मालवणकडचं. देवदिवाळीच्या सकाळी गावच्या देवळात पहिलं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. नारळ हातात घेऊन एकाने देवासमोर उभं राहायचं, सगळ्या गावाच्या वतीने देवाला सांगायचं, मागायचं, आणि दर वाक्याला सगळ्या गावाने एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मानकरी जिवंत असेपर्यंत त्याच्या घरातलं दुसरं कोणी उभं राहत नाही, आणि तो तीन वर्षं ओळीने आला नाही तर मान पुढच्या घरात जातो, अशी तिथली रीत. डायलिसिस सुरू झाल्यापासून त्यांच्या दोन देवदिवाळ्या चुकल्या होत्या. ही तिसरी. आणि गावाकडे डायलिसिसची सोय नव्हती, दोन डायलिसिसच्या मधे एवढा प्रवास करून परत यायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

रीत काय, गावाने मनात आणलं असतं तर वाकवली असती. पण गावाने मनात आणावं असं यांनी काही ठेवलंच नव्हतं. भावकीतल्या सगळ्यांत थोरल्या चुलतभावाने नवं घर बांधलं, तर वास्तुशांतीला जेवून उठताना यांनी विचारलं होतं, "खुराडा बरा झाला. कोंबडे खय?" देवळाच्या लाऊडस्पीकरची वायर ज्याने जोडली, त्याला यांनी भर जत्रेत स्पीकरवरूनच गाढव म्हटलं होतं. सरपंचीणबाईंच्या भाषणात यांनी मधेच उठून माइक दुरुस्त करायला घेतला आणि तो परत जोडलाच नाही.

तरी त्यांनी थोरल्यांना फोन लावला. मी तिथेच होतो, नळाचा वॉशर धरून उभा.

"फोनवरनं घालतंय गाऱ्हाणा," हे म्हणाले. मुंबईकरांशी मराठी आणि गावाशी मालवणी, असा त्यांचा स्विच होता.

"फोनवरनं?" पलीकडून थोरल्यांचा खर्जातला आवाज आला. "देव काय कष्टमर केअर आसा? एक दाबा, दोन दाबा?"

"मगे व्हिडिओ लावतंय. सगळ्यांनी माका बगा."

"धाकट्या, भितीर टांगलेलो फोटो मेलेल्याचो असता. जितो माणूस मान वळवता." फोन बंद.

सत्तरीच्या माणसाला कोणी 'धाकट्या' म्हणतं, याचीच मला आधी गंमत वाटली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी ती गिळली. त्यांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "भाडेकरू, ह्या घरात मान वळवणारी वस्तू एकच आहे." आणि ते टेबलफॅनकडे बघत होते.

असं ते काम सुरू झालं. पंख्याची मोठी मोटर गेली. तिच्या जागी भंगारातल्या मोटारीचा बाजूचा आरसा फिरवणारी छोटी मोटर आली. पात्यांच्या जागी मोबाइलचा पिंजरा. त्या मोबाइलवर यांचा चेहरा दिसणार आणि त्याच्याच कॅमेऱ्यातून यांना गाव दिसणार. मान वळवायला दुसरा, साधा बटणांचा फोन. तो आपणहून उचलला जाईल असा लावून ठेवलेला. भांडुपहून त्याला फोन करायचा आणि चार दाबलं की मान डावीकडे, सहा दाबलं की उजवीकडे. बटणाचा टूं-टूं आवाज ओळखून मोटर चालवणारी सगळी वायरिंग त्यांनी आमच्या फ्रीजमधल्या श्रीखंडाच्या डब्यात बसवली. आतलं श्रीखंड त्यांच्या पथ्याचं नव्हतं, म्हणून ते देवाचं कार्य समजून मी संपवलं.

"म्हणजे एक दाबा, दोन दाबाच झालं की हो काका," मी म्हटलं.

"नाही," ते म्हणाले. "चार दाबा, सहा दाबा."

सोल्डरिंग करताना एकदाच ते मनातलं बोलले. मान वर न करता. "माझ्या मागे पुतण्या घालील गाऱ्हाणं, ते ठरलेलं आहे. पण मी जिवंत असताना नारळ दुसऱ्या घराने उचलायचा, आणि मी इथे खाटेवर पडून रक्त गाळून घेत त्याचे फोटो बघायचे? नाही." एरवी वाक्याच्या सुरुवातीला येणारा तो 'नाही' त्या दिवशी शेवटी आला. मी नुसता टॉर्च धरून उभा होतो. टॉर्च धरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. लहानपणापासून मला सगळ्यांनी तेवढंच काम दिलंय.

पहिली चाचणी आमच्या दोन खोल्यांमध्ये झाली. पंखा आमच्याकडे, ते त्यांच्याकडे. पंख्यावर त्यांचा चेहरा उमटला आणि मान डावी-उजवी, डावी-उजवी अशी झकास वळायला लागली. बायको पंख्यासमोर स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "काका, जेवलात का?" मान हलली: नाही, नाही. "बरं वाटतंय ना?" नाही, नाही. "अहो काका, हे तर सगळ्याला नाहीच म्हणतंय!"

भिंतीपलीकडून आवाज आला, "नाही म्हणायला एक मोटर पुरते, गो बाय. हो म्हणायला दुसरी लावायला लागते. तिला जागा नाही."

गावाला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे खोकं द्यायला आम्ही दोघं गेलो. ड्रायव्हरने खोकं हलवून विचारलं, "आत काय आसा?" घरमालक म्हणाले, "मी." ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. काय करणार, खरंच होतं. मग त्याने ते खोकं डिकीत न टाकता आपल्या सीटमागे नीट उभं ठेवलं.

देवदिवाळीच्या सकाळी ते धोतर नेसून, टोपी घालून, हातात नारळ घेऊन भांडुपच्या भिंतीसमोर उभे राहिले. दोन्ही हात नारळात अडकलेले, म्हणून चार-सहा दाबायचं काम माझ्याकडे. समोर टेकून ठेवलेल्या मोबाइलवर देवळाचा सभामंडप दिसत होता, भावकी दाटीवाटीने बसलेली, आणि पुढे पाटावर थोरले. पुतण्या, चाळिशीचा, गावात रिक्षा चालवणारा माणूस, पंखा कडेवर घेऊन आला आणि त्याने तो मानकऱ्याच्या जागेवर ठेवला. एका म्हातारीने पंख्याला हळदकुंकू लावलं. ते थोडं कॅमेऱ्यावर गेलं, म्हणून पुढचा सगळा कार्यक्रम आम्हाला कोपऱ्यातून जरा लाल दिसला.

"मान वळव बगया," थोरले म्हणाले.

मी सहा दाबलं. काही दिसलं नाही. परत सहा दाबलं. मग आणखी एकदा. बटण लगेच पोचत होतं, पण गावात एवढे मोबाइल एका जागी जमल्यामुळे चित्र मागे राहत होतं, हे मला नंतर कळलं. चित्र आलं तेव्हा समोर देवळाचा खांब होता. आम्ही देवाकडे आणि थोरल्यांकडे, दोघांकडेही पाठ फिरवली होती.

"अहो, द्या इकडे," म्हणत बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला. तिने चार दाबलं, थांबली, चित्र येऊ दिलं, मग परत चार. खांब गेला, थोरले आले. ती इकडे-तिकडे करून मान नेमकी मधे आणत होती आणि तिकडे थोरले विचारत होते, "बरो आसस मा, धाकट्या?" डावी, उजवी. "येळेवर जेवतस मा?" डावी, उजवी.

थोरले गुडघ्यावर हात मारून हसले. "ह्यो खराच धाकटो आसा रे! पाळण्यात होतो तेवा पण असोच नाय नाय करी!" मंडपात हशा पिकला. "चल, घाल गाऱ्हाणा. मगे ठरवया."

घरमालकांनी घसा साफ केला. पुढचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या आवाजात एकही 'नाही' नव्हता.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे गोळा झाली आसत. त्येंची सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!"

आणि ते थांबले. तिकडून काहीच आलं नाही.

मी मोबाइलकडे पाहिलं. भावकी बसली होती, तोंडं मिटलेली. कोणी हलत नव्हतं. गाऱ्हाण्याला गाव 'व्हय' म्हणालं नाही, तर तो माणूस एकटाच बडबडत उभा आहे असा अर्थ होतो. तोंडावर दार लावून घेतलेलं त्यापेक्षा परवडलं.

"कोन मुंबैक आसा, कोन परदेसाक आसा, कोन आजारी आसा," त्यांनी पुढचं वाक्य घेतलं, आवाज जरा उतरलेला, "त्येंका बरी बुद्धी आनि बरा शरीर दी रे म्हाराजा!"

शांतता. बाहेर गल्लीत कोणाचा तरी कुकर शिटी देत होता, तेवढाच.

"भाडेकरू," ते न वळता हळूच म्हणाले, "लाइन आहे?"

"चित्र आहे, काका." मला खोटं बोलायचं सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

त्यांनी नारळ छातीशी घेतला. मला वाटलं, आता फोन आपटणार. बायकोने माझा दंड घट्ट धरला. पण ते तसेच उभे राहिले, आणि मोबाइलकडे न बघता, नारळाकडे बघत बोलायला लागले. ते गाऱ्हाणं होतं की नुसतं पुटपुटणं, कोण जाणे.

"म्हाराजा, माका येवचा होता. शरीर येना नाय. ह्येंचो राग आसा माज्यार, तो काय खोटो नाय. मी ह्या गावात सगळ्यांका वायट बोललंय. कोनाच्या घराक बोललंय, कोनाच्या वायरिंगाक बोललंय. लय वायट बोललंय म्हाराजा."

आणि मोबाइल एकदम फुटल्यासारखा वाजला. "व्हय म्हाराजा!" लगेच त्याच्यावर चढून दुसरा, "व्हय म्हाराजा!" वाटेत कुठेतरी अडकून पडलेले दोन्ही 'व्हय' एकदम येऊन पोचले होते. गावाने पहिल्या वाक्यापासून साथ दिली होती; इकडे ती आली नव्हती, इतकंच. चित्रातली माणसं हलायला लागली. मग क्षणभर पुन्हा सगळं गप्प, कारण ते शेवटचं वाक्य आत्ता कुठे तिकडे पोचत होतं. लोकांनी ते ऐकलं. एकमेकांकडे पाहिलं. आणि म्हातारे, बाया, मागे उभे असलेले, वायरिंगवाला, सरपंचीणबाई, सगळ्यांनी मिळून, छाती फाटेल इतक्या आनंदाने आरोळी ठोकली:

"व्हय म्हाराजा!!"

एवढा मोठा 'व्हय' त्या देवळाने ऐकला नसेल. अर्धं गाव हसत होतं, थोरले पंचाने डोळे पुसत होते. हसून की कशाने, त्या लाल कोपऱ्यातून मला नीट दिसलं नाही. आमच्या इथे घरमालक आधी गोंधळले, मग त्यांना उमगलं आपण काय बोललो आणि गावाने कशाला मान्यता दिली. त्यांचे कान लाल झाले.

"आयकलंस मा, धाकट्या?" थोरले म्हणाले. "देवासमोर सगळ्या गावान होय म्हटला. आता ता कोनाक परत घेवक येना नाय. तुकाव नाय, आमकाव नाय."

"आनि मान?" यांनी विचारलं.

"मान तुझोच रे. खय जाता तो? हो पंखो आता हयच देवळात रवात. परत धाडूचो नाय. पुढल्या वर्सा गुमान टायमार उबो रव."

घरमालकांनी नारळ कपाळाला लावला आणि मटकन खुर्चीत बसले. त्यांनी इतका लांब श्वास सोडला की मला वाटलं, हा माणूस तीन वर्षं श्वास धरूनच बसला होता. बायकोने डोळ्यांना पदर लावला. गावात पुतण्याने नारळ फोडला. सगळं कसं छान, शांत, पवित्र झालं होतं, आणि तेवढ्यात घरमालक पुढे वाकून मोबाइलमध्ये निरखून बघायला लागले.

"त्या मंडपातली वायर अशी उघडी कोनी सोडल्यान? खयच्या गाढवा..."

बायकोने फोन बंद केला.

घरी येऊन मी पाय पसरून बसलो. अंगातून कोणीतरी मोठी मोळी उतरवून घ्यावी तसं हलकं वाटत होतं, आणि असं हलकं वाटलं की मला शहाणपण सुचतं.

"अगं," मी म्हटलं, "माणसाने वर्षातून एकदा असं बोलून मोकळं व्हावं नाही? मीसुद्धा म्हणीन म्हणतो. की बाबा, मी बायकोला पुष्कळदा वाईट बोललोय, तिचं ऐकलेलं नाही..."

ती चहाचं आधण ठेवत होती. वळलीसुद्धा नाही.

"म्हणा की. माझा 'व्हय म्हाराजा' लगेच येईल. त्याला नेटवर्क लागत नाही."